क्वार्टर बी-११/४, एकलहरे

लाइटबिलाच्या पाठीवर काढायला घेतलं.
आधी चौकोन. मग तो खोडला,
कारण घर चौकोनी नव्हतंच,
मोरीपाशी भिंतीचा खांदा बाहेर आलेला,
माझ्या कपाळावरची खोक त्याचीच.

पुढची खोली दहा बाय दहा,
असं वडील सांगायचे आल्यागेल्याला.
माझ्या मापात ती सतरा पावलं,
सात वर्षांची पावलं, टाचेला अंगठा टेकवून.
दारामागे सायकल, सायकलखाली ऑइलचा डाग.
कागदावर डाग आधी आला.

मधली खोली मात्र बसेना.
वडिलांची नाइट असली की त्या आठवड्यात
दिवसा ती खोली नसायचीच.
स्वयंपाकघरात जायचं तर बाहेरून,
परसातून वळसा घालून, चपला हातात,
आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत
आई धावून गॅस बारीक करायची.
फर्स्ट शिफ्ट लागली की खोली परत यायची
कपाटासकट, कपाटावरच्या बॅगांसकट.
तर काढू की नको?
तुटक रेघेने काढली.

उत्तरेचा बाण राहिलाच.
पण आम्हाला कुठे होती उत्तर-दक्षिण?
एक राखेची बाजू, एक गंगेची.
वारा गंगेकडून आला तर ठीक.
चिमण्यांकडून आला
(चिमण्या म्हणजे आमच्याकडे धुराच्याच)
तर वाळत घातलेलं सगळं
पुन्हा धुण्याच्या दगडावर.

दगडाच्या डाव्या हाताला नळ.
भानूला फोन लावला तर म्हणाला, उजव्या.
आणि पेरू?
पेरू दगडाला लागून. पडलो तो दगडावरच ना,
रॉड आहे अजून हातात, तुला काय सांगतेस.
माझा पेरू कुंपणाच्या कोपऱ्यात होता.
तारेतून हात घालून मी कर्कटकाने
बुंध्यावर नाव कोरलेलं, त्यातला न उलटा.
अर्धा तास एकच झाड
आम्ही दोन्हीकडून ओढत राहिलो.
शेवटी आईला विचारलं.
ती म्हणाली, पेरू आपला कुठला गं,
गायधनींचा तो. फांदी तेवढी आपल्यात यायची,
आणि तीही ते दर उन्हाळ्यात छाटायला निघायचे.

बटणं कुठल्या भिंतीला होती, हे कुणालाच सांगता येईना.
पॉवर हाउसची कॉलनी.
शिंदे-पळशाला अंधार असला तरी
आमच्याकडे दिवे जायचे नाहीत.
त्यामुळे ते घर आम्ही हातांनी शिकलोच नाही,
भिंतीवर बोटं टेकवत
कुणी माठापर्यंत गेलं नाही.

एकदाच गेले. सेट ट्रिप झाला त्या रात्री.
जो जिथे होता तिथेच उभा राहिला.
आई ओट्याशी, हातात लाटणं.
भानू मोरीत, डोळ्यांत साबण.
मी कुठे होते ते मला कळेना.
हलू नका, आई म्हणाली,
आणि एकेकाला हाक मारली.
भानूने डावीकडून ओ दिली, मग तांब्या पडला.
कुंपणापलीकडून गायधनी काकू ओरडल्या,
अगंबाई, तुमच्याकडेपण?
मी ओ दिली.
आवाज कुठून निघाला त्यावरून कळलं,
मी उंबऱ्यात आहे.
वडील सेकंड शिफ्टला होते. त्यांच्या दिशेने
रोज एक घरघर यायची, झोपेत, जेवताना,
ती थांबलेली पहिल्यांदा ऐकली.

भिंती सगळ्या खोडल्या.
ओटा, मोरी, उंबरा,
तीन टिंबं ठेवली.
चौथं कागदात मावलं नाही,
ते टेबलाच्या सनमायकावर काढलंय, पेन्सिलीने.
भानू विचारतोय, फोटो पाठव.
बिलाची शेवटची तारीख उद्या आहे,
हे देऊन टाकावं लागेल खिडकीवर.